नांवाआडचा प्रश्न

शिंदखेड्याच्या बाजूस घरांत कोणी दोन जिवांची आहे असें कळलें, कीं शेजारणी नांवाची चौकशी करूं लागतात. "नांव काय शोधलें?" हा प्रश्न वरवर निरुपद्रवी दिसतो, परंतु विचारणारीच्या मनांत मुलगा कीं मुलगी हेंच बहुधा असतें. डोहाळेजेवणांत झांकलेल्या वाटीखालून पेढा निघतो कीं बर्फी, हें पाहण्याची हौस त्याच जातीची.

या कुतूहलाचें भयंकर रूप पुरंदरावर दिसलें. दि. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. राघोबादादा गादीवर बसले खरे. पण नाना फडणीस, सखारामबापू प्रभृति बारभाईंनीं तिला पुरंदरावर नेऊन तिच्या नांवानें कारभार आरंभिला. मराठ्यांची दौलत आतां एका न जन्मलेल्या जिवावर टांगली होती. कन्या होती, तर बारभाईंचा डाव तेथेंच मोडता. प्रसंगीं मूल बदलतां यावें म्हणून इतर गरोदर स्त्रियाही गडावर नेल्या, अशी कुजबूज उठली. ग्रँट डफनेंही ती नमूद केली आहे. अखेर १८ एप्रिल १७७४ रोजीं पुत्र झाला आणि चाळीस दिवसांच्या त्या अर्भकास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं! नांव ठेविलें तें दिवंगत चुलत्याचें, माधवराव. त्यामागें पुढें 'सवाई' लागलें. पाळण्यांतल्या पोराकडून थोरल्या माधवरावांच्या सवापट कर्तृत्वाची ही अपेक्षा मला क्रूर वाटते. एकविसाव्या वर्षीं, १७९५ सालीं, वाड्यावरून पडून तो वारला. गंगाबाई त्याआधींच, १७७७ मध्यें, गेली होती. तिच्या उदराची चौकशी सर्वांनीं केली. तिच्या मनाची फारशी कोणी केली नाहीं.

नांव जपून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. आश्वलायन गृह्यसूत्राप्रमाणें मुलाचें अभिवादनीय नांव मुंजीपर्यंत केवळ आईबापांनींच जाणावें. मुलें जगत नसत त्या घरीं दगडू, धोंडू, भिका अशीं नांवें ठेवीत, तींही परक्या नजरेच्या भीतीनेंच.

खानदेशांतल्या एखाद्या चतुर सुनेला अशा वेळीं फार बोलावें लागत नाहीं. बारशाला बाळाच्या कानांत नांव सांगण्याचा मान आत्येचा, अहिराणींत फुईचा. तेव्हां "फुईले विचारा" म्हटलें कीं काम भागतें. विचारणारीचा अपमान नाहीं, आणि नणंदेलाही बरें वाटतें. पोटांतल्या बाळाचें लिंग सांगण्यावर महाराष्ट्रानें १९८८ सालीं व देशानें १९९४ सालीं कायद्यानें बंधन घातलें. शेजारणीच्या प्रश्नाला कायदा नाहीं, त्याला फुईच हवी. सरकारी दप्तरालाही नांवाची घाई नसते: १९६९ च्या कायद्यान्वयें जन्म नांवावांचून नोंदवितां येतो, व नांव मागाहून भरतां येतें.