चल

खराडीच्या इऑन आयटी पार्कात ‘व्हेरिएबल’, शाळेच्या पुस्तकात ‘चल’. धातू संस्कृत ‘चल्’, हलणे. चलन, चळवळ त्याच कुळातले. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणिता’त (इ. स. ११५०) अज्ञात संख्या ‘यावत्तावत्’, म्हणजे जितकी तितकी, आणखी अज्ञातं आली की रंग: कालक, नीलक, पीतक. लिहायचं नुसतं या, का, नी. (आपले प्रोग्रामर एवढे रसिक कुठले!) पण ती संख्या हलत नाही, फक्त ठाऊक नसते. खरा चल बॅश या संगणकाला आज्ञा द्यायच्या भाषेतला: सकाळी एक किंमत, दुपारी दुसरी. किंमत देताना नुसतं नाव, वाचताना आधी डॉलरचं चिन्ह. बरोबरच्या चिन्हाआधी जागा सोडलीत, की बॅश त्या नावालाच आज्ञा समजून शोधत बसतं.