अणुऊर्जा क्षेत्रातील स्त्रिया व त्यांच्या व्यावसायिक संघटना : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

भारतीय अणुऊर्जा कार्यक्रमाचा इतिहास सामान्यतः अणुभट्ट्या, करार आणि थोर शास्त्रज्ञांची चरित्रे यांच्या आधारे लिहिला गेला आहे. 1954 मध्ये ट्रॉम्बे येथे स्थापन झालेली व 1967 पासून भाभा अणुसंशोधन केंद्र म्हणून ओळखली जाणारी संस्था, तेथील 1957 चे प्रशिक्षण विद्यालय आणि 1969 मध्ये सुरू झालेले तारापूर हे टप्पे सर्वपरिचित आहेत. या क्षेत्रात वावरणाऱ्या स्त्रियांनी परस्परांना आधार देण्यासाठी काय उभारले, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

या प्रश्नाचा मागोवा 1973 मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या भारतीय महिला वैज्ञानिक संघटनेपर्यंत जातो. ही संघटना केवळ अणुऊर्जेपुरती नव्हती. सर्व विज्ञानशाखांतील स्त्रियांना तीत स्थान होते. तरीही अणुऊर्जा विभागाशी तिचे नाते जवळचे होते. तिच्या संस्थापक सदस्यांपैकी डॉ. कमल रणदिवे (1917–2001) ज्या कर्करोग संशोधन संस्थेत कार्यरत होत्या, ती 1962 पासून याच विभागाच्या अखत्यारीत होती. पुढे कल्पाक्कम या अणुकेंद्राच्या गावीही संघटनेची शाखा निघाली.

स्त्रियांच्या संघटनांचे श्रेय 1975 च्या आंतरराष्ट्रीय महिला वर्षाला देण्याची प्रथा आहे. येथे ते लागू पडत नाही. ‘समानतेकडे’ हा शासकीय समितीचा अहवालही 1974 चा, म्हणजे संघटनेनंतरचा. या स्त्रियांनी अहवालाची वाट पाहिली नाही. त्यांच्यापुढील अडचणी रोजच्या होत्या : मूल कोठे ठेवावे, परगावाहून आलेल्या मुलीने कोठे राहावे. वाशी येथील संकुलात पाळणाघर व नोकरदार स्त्रियांसाठी वसतिगृह उभे राहिले, ते यातूनच. परिसंवादांपेक्षा या दोन सोयींनी अधिक स्त्रिया विज्ञानात टिकल्या असाव्यात, असे मानण्यास जागा आहे.

1990 च्या दशकारंभी युरोपात आकारास आलेल्या ‘विमेन इन न्यूक्लिअर’ या जागतिक संघटनेचा रोख निराळा होता. 1986 च्या चेर्नोबिल दुर्घटनेनंतर जनतेशी, विशेषतः स्त्रियांशी, अणुऊर्जेविषयी संवाद साधणे हा तिचा प्रमुख हेतू होता. मुंबईतील संघटनेने आधी आपल्या सदस्यांच्या घराकडे पाहिले. अर्थात ती तेवढ्यावर थांबली नाही : डॉ. रणदिवे यांनी तिच्या वतीने तत्कालीन अहमदनगर जिल्ह्यातील ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्याचे काम केले, आणि तेथील आदिवासी बालकांच्या पोषणस्थितीची माहितीही संकलित केली.

विदर्भात संघटनेच्या शाखा नागपूर व अमरावती येथे निघाल्या. चंद्रपूर–गडचिरोलीचा क्रम लागला नाही. 1982 मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला, 2011 मध्ये तेथे गोंडवाना विद्यापीठ स्थापन झाले आणि विज्ञानाची पदवी घराजवळ आली. परंतु सिरोंचा किंवा भामरागडच्या पदवीधर मुलीला ट्रॉम्बेच्या वाटेवर आजही पहिला प्रश्न पडतो तो राहण्याच्या जागेचाच.