घरातील ओल (बीड जिल्हा)

घरातील ओल म्हणजे घराच्या भिंती, छत किंवा जमीन यांत बाहेरून शिरलेले अथवा घरातल्याच हवेतून साचलेले नको असलेले पाणी होय. मराठवाड्यातील बीड जिल्हा पर्जन्यछायेच्या प्रदेशात मोडतो. येथील वार्षिक सरासरी पाऊस साधारण ६५० ते ७०० मिमी आहे. ओल ही कोकणातील घरांची तक्रार मानली जात असली, तरी बालाघाट डोंगररांगेवरील अंबाजोगाईपासून गोदाकाठच्या गेवराईपर्यंत पोपडे धरलेल्या भिंती सर्वत्र आढळतात. त्यांमागची काही कारणे पावसातून नव्हे, तर पाणीटंचाईतून निर्माण झालेली आहेत.

संज्ञा

छत गळते, भिंत पाझरते, जोत्यातून ओल चढते, काडेपेटी सादळते आणि पत्र्याला घाम येतो. मराठीतील ही क्रियापदे ओलीच्या शास्त्रीय वर्गीकरणाच्या बरीच जवळ जातात. व्यवहारात मात्र सगळ्यालाच ‘गळती’ म्हटले जाते आणि दुरुस्ती चुकीच्या जागी होते. भिंतीवर उमटणाऱ्या क्षारांच्या पांढऱ्या थराला ‘लोणा’ म्हणतात. शेतात मात्र ‘ओल’ हा आशेचा शब्द आहे, कारण रब्बी ज्वारी जमिनीतल्या ओलीवरच येते.

जमिनीतून चढणारी ओल

वीट, दगडांमधील दर्जा आणि माती यांतील सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने पाणी वर चढते. ही ओल सहसा जमिनीपासून मीटरभर उंचीपर्यंत दिसते. पाणी उडून जाते, त्यातील क्षार मागे राहून स्फटिकरूप होतात आणि गिलावा आतून फुटतो. जिल्ह्यातील सखल भागांतील काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते. या हालचालीने जोत्याला तडे जातात व पाण्याला वाट मिळते. कच्च्या भाजणीची वीट वापरल्यास भर पडते. भारतीय मानकानुसार (आयएस १०७७) सामान्य विटेने चोवीस तास पाण्यात बुडवल्यावर आपल्या वजनाच्या २० टक्क्यांहून अधिक पाणी शोषू नये. जोत्यावर काँक्रीट आणि डांबराचा ओलरोधक थर देणे हा यावरचा प्रतिबंध असून तो बांधकामाच्या वेळीच स्वस्तात होतो.

छत आणि टंचाई

जुनी घरे माळवदाची होती. लाकडी खांडांवर फळ्या किंवा चिपाडे पसरून त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर दिला जाई आणि पावसाळ्यापूर्वी तो दुरुस्त केला जाई. ही डागडुजी थांबली, की दीर्घकाळ झड लागल्यावर छप्पर पाणी पिऊन जड होते, मातीच्या भिंती मऊ पडतात आणि घर कोसळते. अशा भिंतींना बाहेरून सिमेंटचा गिलावा करण्याची पद्धत विशेष घातक आहे. मातीतली ओल बाहेर पडू शकत नाही आणि गुळगुळीत गिलाव्याआड भिंत खचत जाते. चुन्याचा किंवा मातीचा गिलावा ओलीला बाहेर पडू देतो.

३० सप्टेंबर १९९३ रोजी शेजारच्या लातूर व उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यांत झालेल्या किल्लारी भूकंपात दगडमातीच्या जड घरांनी मोठी जीवितहानी केली. त्या धास्तीने मराठवाड्यात पत्रा आणि स्लॅब यांकडे कल वाढला. स्लॅबला मजबुती पाण्यानेच येते. साध्या सिमेंटच्या काँक्रीटला किमान सात दिवस पाणी द्यावे, असे मानक (आयएस ४५६) सांगते. पण बांधकामे बहुधा सुगीनंतर उन्हाळ्यात निघतात, नेमकी तेव्हा विहिरी आटलेल्या असतात आणि टँकरचे पाणी पिण्यालाच पुरत नाही. पाणी कमी मारलेला स्लॅब सच्छिद्र राहतो, कडक उन्हात त्याला केसासारख्या भेगा पडतात आणि पावसाळ्यात तो पाझरू लागतो. खाऱ्या बोअरचे पाणी बांधकामाला वापरल्यास क्षार भिंतीत आधीपासूनच शिरतात. नळाला अनेक दिवसांनी पाणी येत असल्याने घरोघरी हौद, पिंप आणि गच्चीवरील टाक्या भरून ठेवाव्या लागतात. त्यांच्या झिरपण्यानेही भिंती ओलावतात.

संघनन

हवेतील बाष्प थंड पृष्ठभागावर पाण्याच्या रूपात जमा होणे म्हणजे संघनन. २५ अंश सेल्सियस तापमान व ८० टक्के सापेक्ष आर्द्रता असलेल्या हवेचा दवबिंदू सुमारे २१ अंश असतो. त्याहून थंड भिंतीवर पाणी धरते. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळताना सुमारे दीड किलो पाणी वाफेच्या रूपात तयार होते. माळवदातील झरोक्यांतून धुराबरोबर वाफही निघून जाई. स्लॅबच्या बंद स्वयंपाकघरात ती कोंडते. पावसाळा सुरू झाल्यावरही खिडक्या लावून पाण्याचा कूलर चालवल्यास कपाटामागे काळी बुरशी येते.

हिवाळ्यातील निरभ्र रात्री पत्रा उष्णता आकाशाकडे सोडून हवेपेक्षाही थंड होतो आणि पहाटे आतून ठिबकतो. ऊसतोडीसाठी स्थलांतर करणाऱ्या जिल्ह्यातील मजुरांच्या कोप्यांत याचा त्रास अधिक असतो. प्लॅस्टिक किंवा ताडपत्रीच्या आच्छादनाला आतून दव धरते आणि अंथरूण-पांघरूण ओले होते. ओल व बुरशीचा संबंध दमा आणि श्वसनविकारांशी असून लहान मुलांना त्यांची झळ अधिक बसते.

निदान

पावसानंतर वाढणारा डाग सहसा गळतीचा असतो. जोत्यालगतचा, लोणा धरलेला आडवा पट्टा जमिनीतील ओलीचा. शंका असल्यास भिंतीचा भाग पुसून कोरडा करावा आणि त्यावर ॲल्युमिनियमची पातळ पन्नी चारही बाजूंनी चिकटवून एक-दोन दिवस ठेवावी. खोलीकडच्या बाजूस पाणी धरल्यास ते संघनन होय आणि खिडकी उघडणे, बाष्प बाहेर काढणारा पंखा लावणे एवढ्यानेही भागते. पन्नीच्या मागे पाणी आढळल्यास ते भिंतीतून येत असते. अशा भिंतीला आतून जलरोधक रंग दिल्यास किंवा फरशी बसवल्यास ओल थांबत नाही. जमिनीतून चढणारी असल्यास ती फरशीच्या वरच्या कडेला पुन्हा उमटते.