वेगाला लगाम

मोटारीचा इतिहास म्हणजे वेगाचा इतिहास, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इंजिन कोणी घडविले, कोणत्या गाडीने ताशी किती मैल गाठले, याच्या नोंदी हौसेने जपल्या जातात. धावती गाडी हव्या त्या जागी उभी करण्याची विद्या मात्र माणसाने कशी संपादन केली, याकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. वस्तुतः ज्याला थांबविता येत नाही त्याने धावविण्याचे धाडस करू नये, हा शहाणपणा घोडा पाळणाऱ्या माणसालाही ठाऊक होता. म्हणूनच त्याने लगाम केला.

मोटारीला लगाम सापडण्यास वेळ लागला. कार्ल बेन्झ यांनी 1886 साली आपल्या तीनचाकी मोटारीचे पेटंट घेतले, तेव्हा ब्रेक हा घोडागाडीकडून आलेला वारसाच होता. दोन वर्षांनी, 1888 च्या ऑगस्टमध्ये, त्यांच्या पत्नी बेर्टा बेन्झ दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला निघाल्या. वाट शंभर किलोमीटरांच्या घरातली आणि चढउतारांची. उतारांवर ब्रेकचे लाकूड झिजू लागले, तेव्हा त्यांनी वाटेतल्या एका चांभाराकडून त्यावर चामडे ठोकून घेतले, असे सांगतात. ब्रेकच्या अस्तराचा आरंभ तो हाच.

पुढे इंग्लंडात हर्बर्ट फ्रूड यांना डोंगराळ डर्बीशायर भागात असेच काही दिसले. उतारावरचे गाडीवान ब्रेकच्या ठोकळ्यावर जुने बूट बसवीत. फ्रूड यांनी 1897 साली अस्तरे बनविण्याचा उद्योगच मांडला. आरंभीचे कापसाचे अस्तर तापले की करपे. ब्रेक गती नाहीशी करीत नाही. तिची उष्णता करतो. त्यातही वेग दुप्पट झाला तर उष्णता चौपट होते. या उष्णतेला टिकणारा तंतू ॲस्बेस्टॉसच्या रूपाने मिळाला आणि पुढील अनेक दशके जगातील गाड्या त्याच्या भरवशावर थांबल्या.

या भरवशाची किंमत दुसऱ्याच कोणी मोजली. रॉचडेल गावी ॲस्बेस्टॉस कातणारी नेली कर्शॉ ही स्त्री 1924 साली फुप्फुसाच्या विकाराने वारली. ती तेहतीस वर्षांची होती. डॉक्टर विल्यम कुक यांनी तिच्या फुप्फुसांत त्या खनिजाचे कण पाहिले व वैद्यकीय नियतकालिकात तशी नोंद प्रसिद्ध केली. तरीही ब्रिटनमध्ये या तंतूच्या वापरावर जवळजवळ पूर्ण बंदी येण्यास 1999 साल उजाडले. प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी कामगारांचा श्वास खर्ची पडला, हे या इतिहासातील पान वगळता येणार नाही.

यंत्ररचनेतही पालट होत होते. 1902 साली फ्रान्समध्ये लुई रेनो यांनी ड्रमचा ब्रेक सिद्ध केला. त्याच साली इंग्लंडात फ्रेडरिक लँचेस्टर यांनी तबकडीच्या, म्हणजे डिस्क ब्रेकचे पेटंट घेतले. ड्रम लगेच रुजला, तबकडीला अर्धे शतक वाट पाहावी लागली. दरम्यान माल्कम लॉकहीड यांनी पास्कलचा द्रवदाबाचा नियम कामास लावला. 1921 च्या ड्यूसेनबर्ग गाडीत एका पावलाचा दाब नळ्यांतील द्रवातून चारही चाकांना पोहोचू लागला. पुढे 1953 साली ल मान्सची चोवीस तासांची शर्यत जॅग्वारने डिस्क ब्रेकच्या बळावर जिंकली, तेव्हा तबकडीचे दिवस आले. तबकडी उघडी असल्याने लवकर निवते; बंद ड्रममध्ये उष्णता कोंडते. चाके जखडू न देणारी विद्युत् यंत्रणा 1978 साली जर्मन मोटारींत आली आणि भारतात 2019 पासून ती नव्या मोटारींना सक्तीची झाली.

तथापि यंत्र कितीही सुधारले तरी त्याची निगा माणसाकडेच राहते. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते. ओलावलेले ऑइल लवकर उकळते, नळीत वाफ धरते आणि घाट उतरताना पेडल पोकळ लागते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे व नळ्यांतील हवा काढून घ्यावी. पॅड किंवा लायनर एका चाकाचे कधी बदलू नयेत. समोरासमोरच्या दोन्ही चाकांचे एकदम बदलावेत, नाहीतर गाडी एका बाजूला ओढते. घ्यायचे तेही गाडी बनविणाऱ्याने नेमून दिलेल्या जातीचे. शर्यतीचे पॅड तापल्यावरच नीट धरतात. बाजारहाटाच्या गाडीला त्यांचा उपयोग नाही. उतारावर इंजिन खालच्या गिअरमध्ये ठेवावे, म्हणजे ब्रेकवरचा भार हलका होतो.

खंडाळ्याचा घाट असो की निलगिरीचे वळण, उतारावरची गाडी आजही त्याच प्रश्नाला तोंड देते, ज्याला बेर्टा बेन्झ यांनी चामड्याच्या तुकड्याने उत्तर दिले. त्यांना दोष दिसला आणि त्या तेथेच थांबल्या. ब्रेक पहिल्यांदा करकरला की गाडी कारखान्यात नेणारा मनुष्य त्यांचीच परंपरा चालवीत असतो.