केसाळ कोळ्याची पेटी आणि तसबीर

जालना येथें मद्रास फौजेची छावणी होती त्या काळांत, १८४० च्या आगेमागें, थॉमस जर्डन नांवाचा एक तरुण डॉक्टर घोडदळाच्या पलटणीबरोबर तेथें राहून गेला. औषधोपचार हें त्याचें पोटाचें काम. जीव मात्र सगळा पांखरांत गुंतलेला. हिंदुस्थानांतील पक्ष्यांवरील त्याचा मोठा ग्रंथ १८६२ पासून १८६४ पर्यंत प्रसिद्ध झाला. त्यांत जालन्याचें नांव ठिकठिकाणीं येतें, आणि मराठवाड्याच्या उघड्या माळांवर त्या काळीं कोणते पक्षी दिसत हें जाणूं इच्छिणारास त्या ग्रंथाकडे वळावें लागतें. जर्डननें मुंग्यांवरही लिहिलें. प्राणी घरीं पाळून पाहण्याची त्याची हौस तर प्रसिद्धच आहे. तेल्लिचेरी येथें त्यानें एक पाणमांजर पाळलें होतें. तें कुत्र्याप्रमाणें त्याच्या मागें फिरे आणि समुद्रांत शिरून मनसोक्त पोहे. असल्या नादाचे गृहस्थ त्या शतकांत अनेक छावण्यांत होते. त्यांच्या बंगल्यांत माकडें, मुंगसें, पोपट, हरणें यांस मुक्तद्वार असे. कोळ्याला मात्र तेथें कोणी मानाचें आसन दिलें नाहीं.

आज परिस्थिति पालटली आहे. तळहाताएवढा केसाळ कोळी कांचेच्या पेटींत घालून दिवाणखान्यांत ठेवणें व त्याचीं छायाचित्रें काढणें ही युरोप-अमेरिकेंत हजारों लोकांची हौस झाली असून आपल्याकडील शहरांतही तिचे भोक्ते आढळतात. ज्या कोळ्यांस तिकडे विशेष मान आहे, त्यांतील कित्येक मूळचे भारतांतील आहेत. ही हौस कशी जन्मली, तिनें ज्ञानांत काय भर घातली आणि त्या प्राण्याचें तिनें काय केलें, हा इतिहास मनोरंजक आहे. तो सर्वस्वीं सुखाचा मात्र नाहीं.

प्रथम नांवाचा घोटाळा सांगितला पाहिजे. या कोळ्यांस इंग्रजींत टॅरंटुला म्हणतात. हें नांव इटलींतील टारांटो शहरावरून पडलें. त्या भागांत एक कोळी चावला असतां माणूस वेडावतो व बेभान नाचल्यावांचून बरा होत नाहीं, अशी समजूत होती. टॅरंटेला या नृत्याचें नांवही त्याच गांवाचें. परंतु टारांटोचा तो कोळी निराळ्याच कुळांतला होता. पुढें युरोपीय लोक दर्यापार गेले, तेथें त्यांस त्याहून मोठे, केसाळ कोळी दिसले, आणि भीतीबरोबर नांवही यांच्या माथीं बसलें. आपल्या मुंडक उपनिषदांत ज्या ऊर्णनाभाचा दृष्टान्त आहे, तो आपल्याच शरीरांतून तंतु काढणारा कोळी. हा केसाळ कोळीही सूत काढतो. पण चाकासारखें जाळें विणून माशीची वाट पाहत बसत नाहीं. जमिनींतील बिळांत किंवा झाडाच्या ढोलींत राहून तो सुताचा उपयोग अस्तरासारखा करतो, आणि भक्ष्य जवळ आलें कीं झडप घालतो.

भीतीचें म्हणाल तर मराठवाड्यांतील माणसाची भीति अगदींच निराधार नाहीं. ती कोळ्याची नसून विंचवाची आहे, एवढेंच. जालना जिल्ह्यांत भोकरदन तालुक्यांतील देहेड गांवीं जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ सालीं महाडजवळच्या बिरवाडीच्या दवाखान्यांत गेले, तेव्हां लाल विंचवाच्या दंशानें माणसें डोळ्यांदेखत दगावत होतीं. त्यांनीं रोग्यांच्या उशाशीं बसून लक्षणें टिपलीं, रक्तदाबावर वापरलें जाणारें प्राझोसिन हें औषध या दंशावर योजलें, आणि मृत्यूचें प्रमाण फार खालीं आणलें. कोळी व विंचू एकाच वर्गांतले, आठ पायांचे. म्हणून घरांत दोघांनाही एकच न्याय मिळतो, आणि तो बहुधा चपलेचा असतो. केसाळ कोळ्याच्या दंशानें माणूस मेल्याची खात्रीलायक नोंद नाहीं. तथापि आपल्याकडील झाडांवर राहणाऱ्या जातींचा दंश झाल्यास स्नायूंत तीव्र गोळे येतात व ते कांहीं दिवस टिकूं शकतात. तेव्हां हातावर घेऊन मिरवण्याचा हा प्राणी नव्हे.

या कोळ्याची पहिली नांवाजलेली तसबीर एका बाईनें काढली. मारिया सिबिला मेरियन ही जर्मन चित्रकर्ती लहानपणापासून रेशमाचे किडे घरीं पाळून त्यांचीं रूपांतरें रंगवीत असे. १६९९ सालीं, वयाच्या बावन्नाव्या वर्षीं, ती आपल्या मुलीसह दक्षिण अमेरिकेंतील सुरिनाम देशीं गेली. तिचा ग्रंथ १७०५ मध्यें ॲमस्टरडॅम येथें निघाला. त्यांतील एका चित्रांत पेरूच्या झाडावर एक केसाळ कोळी इवल्याशा पक्ष्याला खातांना दाखविला आहे. त्यावरूनच १७५८ त लिनिअसनें या कोळ्यास ‘पक्षी खाणारा’ अशा अर्थाचें नांव दिलें. पुढच्या पिढ्यांतील पंडितांनीं बाईनें थाप मारली असें ठरविलें. शेंदीडशें वर्षांनीं हेन्री बेट्स या इंग्रजानें ॲमेझॉनच्या खोऱ्यांत तसाच प्रकार स्वतः पाहून १८६३ च्या आपल्या ग्रंथांत नमूद केला, तेव्हां कोठें तिच्यावरील आळ दूर झाला. बेट्सनें आणखी एक गोष्ट लिहून ठेविली आहे. त्याच्यासाठीं किडे गोळा करणाऱ्या तेथील एका कुटुंबांतील मुलांनीं एका प्रचंड कोळ्याच्या कमरेस दोरी बांधली होती, आणि कुत्रा फिरवावा तसें त्याला तीं घरांतून फिरवीत होतीं. पाळीव केसाळ कोळ्याच्या लिखित इतिहासांत या मुलांचा मान पहिल्या कांहींतला होय. त्यांचीं नांवें मात्र कोणीं लिहून ठेविलीं नाहींत.

हिंदुस्थानांत कोळ्याचें शास्त्र प्रथम स्पिरिटच्या बरणींत वाढलें. १५ सप्टेंबर १८८३ रोजीं मुंबईस राणीच्या बागेंतील संग्रहालयांत आठ गृहस्थ जमले आणि मुंबईची नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली. त्या आठांत प्रार्थनासमाजाचे एक संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. रखमाबाईंचे सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले होते. सोसायटीला स्वतःची जागा नव्हती, एच. एम. फिप्सन या दारूच्या व्यापाऱ्यानें आपल्या दुकानांतील एक खोली तिला दिली. मद्याच्या बाटल्यांशेजारीं सापांच्या बरण्या असा तो संसार होता. तेथें जिवंत प्राणीही नांदत. विल्यम नांवाचा एक महाधनेश तर १८९४ पासून १९२० पर्यंत सोसायटीच्या कचेरीचा रहिवासी होता. देशाच्या कानाकोपऱ्यांतून सभासद नमुने धाडीत. विंचवाच्या एका जातीस फिप्सनचें नांव देण्यांत आलें, तें देणारा रेजिनाल्ड पोकॉक लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्यें काम करी. याच पोकॉकनें १८९९ मध्यें हिंदुस्थानांतील केसाळ कोळ्यांच्या अनेक जाती प्रथम वर्णिल्या आणि १९०० सालीं या वर्गावरील मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. सह्याद्रींतील झाडांच्या ढोलींत राहणारा, करड्या नक्षीचा, पुढचे पाय उगारले असतां खालून पिवळा दिसणारा पोइसिलोथेरिया रेगॅलिस ही त्याचीच नोंद. या प्रजातीच्या नांवाचा अर्थ ‘चित्रविचित्र श्वापद’ असा आहे, आणि तो यथार्थ आहे.

परंतु बरणींतला कोळी बोलत नाहीं. आसामांतील पील नांवाच्या चहामळेवाल्यानें जिवंत कोळी पाहिला, म्हणूनच त्याला कळलें कीं हा प्राणी चिडला असतां घासल्यासारखा आवाज करतो. कलकत्त्याच्या संग्रहालयांतील वुड-मेसननें १८७७ सालीं त्या जातीस नांवच ‘आवाज करणारी’ अशा अर्थाचें दिलें. कोळी किती वर्षें जगतो, कात कशी टाकतो, हें कळावयास बरणी उपयोगाची नव्हती. पेटी हवी होती. तें काम अमेरिकेंत आर्कान्सा विद्यापीठाचे प्राध्यापक विल्यम बेर्ग यांनीं केलें. त्यांनीं वर्षानुवर्षें कोळी पाळले आणि त्यांचा दंशही स्वतःच्या अंगावर घेऊन पाहिला. मादी वयांत यावयास सुमारें दहा वर्षें लागतात व त्यानंतरही ती पुष्कळ वर्षें जगते, नर मात्र वयांत आल्यावर लवकरच मरतो, हें त्यांच्या चिकाटीमुळें समजलें. त्यांचें पुस्तक १९५८ सालीं निघालें.

पाळणाराच्या नजरेस पडणारा सर्वांत विलक्षण प्रकार म्हणजे कात टाकणें. कोळी उताणा पडतो आणि तासन्‌तास तसाच राहतो. नवखा मनुष्य तो मेला असें समजून हळहळतो. कोणी ढोसून पाहतो, आणि तेंच त्याच्या जिवावर बेततें. धीर धरला तर जुन्या कातेंतून नवा, चकचकीत प्राणी बाहेर पडतो. ती कात म्हणजे पोकळ कोळीच. मादीच्या कातेंत नराचें रेत सांठविण्याच्या पिशवीचें अस्तरही उतरतें. तें सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें कीं लिंग ठरतें, आणि जात ओळखण्यासही मदत होते. पूर्वी ज्या माहितीकरितां प्राणी मारून कापावा लागे, ती आतां टाकून दिलेल्या कातेवरून मिळते. घरगुती हौसेनें शास्त्राला दिलेली ही देणगी लहान नव्हे.

महाराष्ट्रांत या कामाची परंपरा पुढें पुण्यास रुजली. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेच्या तेथील केंद्रांत बिनय कृष्ण टिकादर या बंगाली शास्त्रज्ञानें कोळ्यांना आयुष्य वाहिलें. १९७७ सालीं त्यांनीं वर्णिलेल्या एका केसाळ कोळ्याच्या नांवांत महाबळेश्वर आहे. उन्हाळ्यांत तेथें जाऊन स्ट्रॉबेरी खाऊन येणाऱ्या किती कुटुंबांस हें ठाऊक असेल, कोण जाणे.

आतां तसबिरीकडे वळूं. स्पिरिटमध्यें कोळ्याचे रंग उडतात, आणि पोकॉकच्या ग्रंथांतील आकृति शाईच्या रेघांच्या. वाचकास कोळ्याचें खरें रूप दिसणार कोठून? ती उणीव छायाचित्रानें भरून काढली. कोळी हा छायाचित्रकाराला मोठा सोयीचा प्राणी आहे. मनांत आणलें तर तो रात्रभर हलत नाहीं. घरच्या पेटींतील कोळ्याचें चित्र घ्यावयाचें तर झांकण उघडण्याचें कारण नाहीं. भिंग कांचेला अगदीं टेकवावें, म्हणजे कांचेवर चकाकी येत नाहीं. दिवा बाजूनें धरावा, म्हणजे केस न्‌ केस उठून दिसतो. चांगल्या चित्रासाठीं त्यास काढून टेबलावर ठेवण्याचा मोह पुष्कळांना होतो. तो वीतभर उंचीवरून पडला तरी पोट फुटून मरूं शकतो, हें त्या वेळीं कोणाच्या ध्यानांत राहत नाहीं.

आणि याच सुंदर चित्रांपासून दुःखाचा भाग सुरू होतो. गुत्ती हें नांव मराठी वाचकांस मुरारराव घोरपड्यांमुळें परिचयाचें आहे. आंध्रांतील त्या गांवीं, आगगाडीच्या लांकडांच्या वखारींत, एक कोळी सांपडला होता. १८९९ त पोकॉकनें त्यास पोइसिलोथेरिया मेटॅलिका असें नांव दिलें. त्यानंतर शंभर वर्षें तो कोणास दिसला नाहीं. लांकडांबरोबर तो दुरून आला असावा, हें कोणाच्या ध्यानीं आलें नसावें. २००१ च्या सुमारास नंद्याळ व गिद्दलूर यांच्यामधील जंगलांत, गुत्तीपासून सुमारें शंभर किलोमीटरवर, तो पुन्हां सांपडला. रंग पाहावा तर लखलखीत निळा! त्याचीं छायाचित्रें जगभर पसरलीं, आणि थोड्याच वर्षांत परदेशांतील हौशी लोकांच्या पेट्यांत तो पैदा होऊं लागला. इकडे त्याचें जंगल सरपणासाठीं तोडलें जात होतें. २००८ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्गसंघटनेनें त्यास अत्यंत धोक्यांतील प्राण्यांत घातलें. पेट्यांतून विपुल आणि जंगलांत दुर्मिळ, अशी त्याची स्थिति झाली.

पेटींतल्या पैदाशीमुळें जंगलावरील ताण हलका होतो, असें कांहींजण म्हणतात. त्यांत तथ्य नाहीं असें नाहीं. पण पेटींतली पहिली जोडी जंगलांतूनच चोरून नेलेली असते. आणि मादी मोठी व्हावयास वर्षानुवर्षें लागतात, त्यामुळें एका ढोलींतून ती उचलली कीं ती जागा भरून यावयास फार काळ जातो. २०१९ सालीं जिनीव्हाच्या परिषदेंत या संबंध प्रजातीचा व्यापार आंतरराष्ट्रीय कराराच्या नियंत्रणाखालीं आणण्यांत आला. भारताच्या वन्यजीव कायद्यांतही २०२२ च्या दुरुस्तीनें अशा करारांतील प्राण्यांसाठीं स्वतंत्र परिशिष्ट जोडलें गेलें. तेव्हां रानांतून कोळी उचलून आणणें, किंवा कोणी टपालानें धाडलेला विकत घेणें, ही आतां निरुपद्रवी करमणूक राहिलेली नाहीं. चित्र काढावें, अवश्य काढावें. पण बिळाचा ठावठिकाणा चारचौघांत जाहीर करूं नये, कारण त्या चित्रावरून माग काढीत येणारेही असतात.

कोळी घरीं न आणतां त्यास आयुष्यभर ओळखणारी एक बाई मात्र होऊन गेली. ऑस्ट्रेलियांतील बार्बरा यॉर्क मेन यांनीं १९७४ सालीं गव्हाच्या प्रदेशांतील एका राखीव जंगलांत, बिळाला झांकण करून राहणाऱ्या कोळ्यांचीं बिळें शोधून प्रत्येक बिळाशेजारीं क्रमांकाची खूण रोंवली. हे कोळी केसाळ कोळ्यांचे लांबचे भाऊबंद. त्या वर्षानुवर्षें तेथें जात, झांकण पाहत, नोंद करीत व परत येत. सोळाव्या क्रमांकाची मादी एकाच बिळांत त्रेचाळीस वर्षें जगली. इतकें दीर्घायुष्य दुसऱ्या कोणत्याही कोळ्याच्या नांवें लिहिलेलें नाहीं. २०१६ सालीं तिच्या बिळाच्या झांकणाला गांधिलमाशीनें पाडलेलें छिद्र दिसलें, आणि बीळ रिकामें होतें.