सौर पॅनेलचा कल किती अंश ठेवावा?

इंदूर महानगरपालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये हरित रोख्यांतून २४४ कोटी रुपये उभारले. नर्मदेचे पाणी शहरापर्यंत चढवणाऱ्या पंपांना वीज मिळावी म्हणून जलूद येथे ६० मेगावॉटचा सौर प्रकल्प हा त्यामागचा हेतू. अशा प्रकल्पांत पॅनेलचा कल अभियंते ठरवतात. अंगणात किंवा परसात जमिनीवर सांगाडा उभारणाऱ्या घरमालकाला मात्र तो स्वतःच ठरवावा लागतो.

मूळ नियम : पॅनेलचे तोंड दक्षिणेला आणि कल गावाच्या अक्षांशाइतका असावा. इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७ अंश. तेथे २२ डिसेंबरच्या माध्यान्ही सूर्य दक्षिण क्षितिजापासून जेमतेम ४४ अंशांवर असतो, तर २१ जूनला जवळजवळ डोक्यावर येतो. त्यामुळे वर्षभर स्थिर राहणाऱ्या पॅनेलला तेथे २३ अंशांचा कल योग्य ठरतो. पणजीचा अक्षांश १५.५ अंश असल्याने इंदूरचा आकडा गोव्यात जसाच्या तसा उचलू नये.

मोजमाप : दोन मीटर लांबीच्या पॅनेलची वरची कड खालच्या कडेपेक्षा इंदूरला ७८ सेंटिमीटर, तर पणजीत ५३ सेंटिमीटर उंच हवी.

दिशा : ओळंब्याची सावली सर्वांत आखूड होते तेव्हा ती खरी उत्तर दाखवते. डिसेंबरच्या उत्तरार्धात ही वेळ इंदूरला सुमारे १२ वाजून २५ मिनिटे, पणजीत १२ वाजून ३३ मिनिटे असते.

चूक किती चालते? : सूर्यकिरण लंबरेषेपासून १० अंश ढळले तर थेट प्रकाश केवळ दीड टक्का घटतो; २० अंशांना सुमारे ६ टक्के. म्हणून दोन-चार अंशांच्या फरकासाठी महागडा सांगाडा घेण्याचे कारण नाही. कल फार वाढवल्यास वाऱ्याचा जोर मात्र वाढतो आणि पाया अधिक भक्कम करावा लागतो.

सावली : खरे नुकसान येथे होते. एका पॅनेलच्या कोपऱ्यावर पडलेली सावलीही एकसरीत जोडलेल्या इतर पॅनेलची वीज घटवू शकते. इंदूरला वरील मापाच्या दोन रांगांत किमान १.१ मीटर मोकळी जागा ठेवली, तर ऐन हिवाळ्यातही सकाळी साडेनऊ ते दुपारी साडेतीनपर्यंत मागील रांग उन्हात राहते. गोव्यात दक्षिणेकडील माड आणि आंब्याचाही हिशेब धरावा. कल एकदा ठरवला की ठरला. झाड मात्र दरवर्षी वाढते.