आज्जाची धुरी आणि इथिलीन



काल केळीचे पहिले घड उतरले. व्यापारी बांधावरच म्हणाला, "पावडर टाकतो, दोन दिसात पिवळी हुत्यात." मी नको म्हटलं. "मग पिकवायच्या खोलीचं भाडं कोण देणार?" असं म्हणत त्यानं किलोमागं दोन रुपये पाडले. तरी नको का म्हटलं, ते सांगतो.

आमचा आज्जा कोंदट खोलीत घड रचायचा. कोपऱ्यात मडक्यात शेणी धुमसत ठेवायची आणि दार शेणानं लिंपायचं. "धुराबिगर केळ पिवळं हुत न्हाई," म्हणायचा. त्याला वाटायचं, ऊबच पिकवते. पण मोठं काम धुरातल्या इथिलीनचं. अर्धवट जळणातून हा वायू थोडाफार निघतोच.

इथिलीन म्हणजे अल्कीन कुटुंबातलं सगळ्यात धाकटं पोर. दोन कार्बन, चार हायड्रोजन. दोन्ही कार्बनमध्ये दुहेरी बंध, त्यातला एक जरा कच्चा. तो पटकन सुटतो आणि कार्बन नव्या अणूंना जोडून घेतात. 1795 च्या सुमारास हॉलंडच्या चार रसायनशास्त्रज्ञांनी हा वायू क्लोरीनमध्ये मिसळला, तर तेलासारखा द्रव झाला. त्यावरनं 'तेल करणारा वायू' हे नाव पडलं.

झाडाशी त्याचं नातं कळायला आणखी शंभर वर्षं गेली. 1901 साली रशियात सेंट पीटर्सबर्गच्या प्रयोगशाळेत नेल्युबोव या विद्यार्थ्याची वाटाण्याची रोपं खुजी, जाड आणि आडवी वाढू लागली. बाहेरच्या हवेत नेली की सरळ. कारण निघालं दिव्याच्या गॅसमधलं इथिलीन. पुढं 1934 मध्ये इंग्लंडच्या गेननं दाखवून दिलं, की पिकणारी सफरचंदं स्वतःच इथिलीन सोडतात. आढीत एक आंबा पिकला की शेजारचे का पिकतात, ते इथं कळतं.

उलटा उपयोगही आहे. माल लांब पाठवताना खोक्यात पोटॅशियम परमँगनेटची पुडी ठेवतात. ते इथिलीनच्या दुहेरी बंधावरच घाव घालतं. वायू संपतो, जांभळा रंग तपकिरी होतो आणि केळी हिरवी राहतात.

आता ती पावडर. ते कॅल्शियम कार्बाइड. ओल लागली की त्यातनं अ‍ॅसिटिलीन निघतो. त्याचा बंध तिहेरी, म्हणजे तो अल्कीन नव्हेच. इथिलीनची कच्ची नक्कल करतो. साल पिवळी होते, पण आत गर कच्चाच राहतो. वर पावडरीत आर्सेनिक, फॉस्फरसचे अंश असतात. म्हणून फळं पिकवायला कायद्यानं ती बंद आहे. इथिलीन वायूला मात्र 2016 पासून 100 पीपीएमपर्यंत परवानगी आहे.

उद्या घड इथिलीनच्या खोलीत नेतोय. भाडं माझ्या खिशातनं जाईल, पण ती केळी आपल्याच कोल्हापूरची पोरं खाणार आहेत.

तुमच्याकडं धुरी कशाची द्यायचे? खाली लिवा.